कास तलाव

कास तलाव हा महाराष्ट्रातील सातारा शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर असलेला एक लहान जलाशय आहे. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर, तीन बाजूंनी झाडीने वेढलेल्या एका खोलगट भागात तो वसला असून साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारा घाटरस्ता त्याच्या जवळून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रज अमदानीत बांध घालून या तलावाला आजचे स्वरूप देण्यात आले. तेव्हापासून तो सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक प्रमुख आधार आहे.

तलावाच्या अलीकडे असलेले कास पठार फुलांसाठी प्रसिद्ध आहे. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला, त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे होती : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. या मान्यतेनंतर पठाराची कीर्ती इतकी वाढली, की बहुतेक पर्यटक फुले पाहून तेथूनच परततात आणि तलावाकडे केवळ डबा खाण्याची जागा म्हणून पाहतात. वास्तविक पठार आणि तलाव ही दोन वेगळी स्थळे नाहीत. पठाराचा खडक, त्यावरची फुले आणि तलावातील पाणी यांचा परस्परसंबंध समजला, की या प्रदेशाचे महत्त्व अधिक नेमकेपणाने लक्षात येते.

== स्थान आणि भूरचना ==

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर पेट्री गावावरून रस्ता डोंगराच्या सोंडेने पश्चिमेकडे जातो. सुमारे २५ किलोमीटरवर कास पठार लागते. पठार ओलांडून रस्ता थोडा खाली उतरतो, तेव्हा झाडीत तलाव दिसू लागतो. पुढे हाच रस्ता उतरत कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, बामणोलीला पोहोचतो.

कास हे नाव ‘कासा’ नावाच्या वृक्षावरून पडले असे सांगितले जाते. हा रुद्राक्षाच्या कुळातील सदाहरित वृक्ष असून त्याच्या पांढऱ्या फुलांच्या पाकळ्यांची टोके झालरीसारखी कातरलेली असतात. तलावाभोवतीची झाडी अंजनी, जांभूळ यांसारख्या सदाहरित व निमसदाहरित वृक्षांची आहे. उघड्या माथ्यावर सतत वाहणारा वारा आणि मातीचा पातळ थर यांमुळे हेच वृक्ष खुजे राहतात. खोलगट भागात मात्र ते दाट वाढतात.

तलाव उरमोडी नदीच्या उगमप्रदेशात आहे. उरमोडी ही कृष्णेची उपनदी. ती कासच्या डोंगरात उगम पावून सज्जनगडाच्या पायथ्याजवळून वाहते. कासच्या डोंगररांगेच्या पश्चिमेचे पाणी कोयनेच्या खोऱ्यात जाते. कोयना हीदेखील कृष्णेचीच उपनदी आहे आणि या दोन्ही नद्यांचे पाणी निसर्गक्रमाने बंगालच्या उपसागरालाच मिळावयाचे. परंतु कोयना प्रकल्पाच्या बोगद्यांमधून शिवसागरातील पाण्याचा मोठा हिस्सा वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविला जातो आणि वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्रात पोहोचतो. त्यामुळे कासच्या धारेवर पडणाऱ्या पावसाचे भवितव्य काही पावलांच्या अंतराने बदलते. पूर्वेकडे वाहिलेले पाणी साताऱ्याच्या नळाला येऊ शकते, तर पश्चिमेकडे वाहिलेले वीज निर्माण करून चिपळूणकडे जाऊ शकते.

== जांभा आणि पाणी ==

हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात या खडकाचे दीर्घकाळ विदारण झाले. त्यातील सिलिका आणि इतर विद्राव्य घटक पाण्याबरोबर वाहून गेले व लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांपासून बनलेला तांबूस, सच्छिद्र खडक म्हणजे जांभा. डोंगरमाथ्यावर जांभ्याचे टणक कवच असल्यामुळे माथा सपाट राहिला. सह्याद्रीच्या या भागातील सपाट पठारांचे कारण तेच आहे.

जांभ्याची एक विसंगती येथे ध्यानात ठेवावी लागते. पठाराचा पृष्ठभाग पाहिला तर तो कोरडा आणि नापीक वाटतो. माती कोठे काही मिलिमीटर, कोठे काही सेंटिमीटर. पावसाळा सरताच ती वाळून जाते आणि उन्हाळ्यात खडक तापतो. मात्र हाच खडक भेगा व छिद्रांवाटे पावसाचे पाणी आत झिरपू देतो. खालच्या चिकणमातीयुक्त थरापाशी पाण्याची वाट अडते आणि ते डोंगराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पठाराच्या उतारावरील वस्त्या बहुधा अशा झऱ्यांच्या आधाराने वसलेल्या आढळतात. खोलगट भागातील तलावालाही पावसाळ्यातील ओढ्यांखेरीज पावसाळ्यानंतर पाझरत राहणाऱ्या या पाण्याची साथ मिळते.

यामुळेच पठाराला ‘पडीक’ म्हणणे योग्य नाही. महसुली भाषेत अशा जमिनीवर पीक नाही, म्हणजे ती निरुपयोगी, असा समज दीर्घकाळ होता. याच प्रकारची कोल्हापूर जिल्ह्यातील काही पठारे बॉक्साइटच्या खाणींसाठी खणली गेली आहेत. जांभ्याचे कवच एकदा निघाले, की पाणी धरण्याची ती व्यवस्था परत उभी करता येत नाही.

== साताऱ्याचे पाणी ==

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. डोंगराच्या कुशीतील अशा शहराला पाण्यासाठी नेहमीच वरच्या बाजूला पाहावे लागते. कासच्या पूर्वीही यवतेश्वर आणि महादरे येथील पाणी शहरात आणलेले होते. लोकवस्ती वाढल्यावर ते अपुरे पडू लागले, तेव्हा कासच्या खोलगट भागात मातीचा बांध घालून पाणी अडविण्यात आले आणि ते डोंगराच्या कडेकडेने खोदलेल्या उघड्या पाटाने शहराकडे वळविण्यात आले.

हा पाट वीस किलोमीटरहून अधिक लांबीचा होता. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात कोठेही पाणी उपसावे लागत नसे. तलाव शहरापेक्षा कितीतरी उंच असल्याने उताराचा नेमका हिशेब करून, डोंगराच्या वळणांना अनुसरून पाट नेला, म्हणजे पाणी आपोआप शहरात येते. उतार जास्त ठेवला तर वेगाने कडा ढासळतात. कमी ठेवला तर गाळ साचतो. मोजणीची आधुनिक साधने नसताना डोंगराच्या कडेने इतक्या लांबीचा पाट आखणे हे त्या काळच्या अभियंत्यांचे आणि ज्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत अशा खोदकाम करणाऱ्या मजुरांचे मोठेच काम होते.

उघड्या पाटाचे तोटेही उघड होते. पाणी झिरपे, उन्हाळ्यात त्याची वाफ होई, पावसाळ्यात दरडी व पालापाचोळा पडून मार्ग तुंबे, आणि वाटेत जनावरे पाण्यात उतरत. पुढे या पाटाची जागा बंदिस्त जलवाहिनीने घेतली. गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याचे मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.

शहराचा दुसरा मोठा स्रोत म्हणजे शहापूर योजना. ही योजना उरमोडी नदीचे पाणी पंपाने उचलते. याचा अर्थ सातारा शहर एकाच नदीचे पाणी दोन ठिकाणी घेते : उगमापाशी फुकट आणि खाली खोऱ्यात विजेचे बिल भरून. वीजपुरवठा खंडित झाला, की उपसा योजना बंद पडते, कासचे पाणी मात्र वाहत राहते. लहान जलाशय असूनही शहराच्या दृष्टीने कासचे मोल मोठे आहे ते यामुळे.

== साठवण वाढविण्याचा प्रकल्प ==

मूळ तलावाची साठवण क्षमता सुमारे ०.१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांच्या दहाव्या भागाइतकी होती. लिटरमध्ये सांगायचे तर हे पाणी सुमारे २८३ कोटी लिटर भरते. शहराची वाढ आणि उन्हाळ्यात तळ गाठणारा तलाव लक्षात घेऊन बांधाची उंची वाढविण्याचे काम २०१८ च्या सुमारास सुरू झाले. २०२२ च्या सुमारास नव्या उंचीपर्यंत पाणी साठविणे शक्य झाले आणि क्षमता सुमारे ०.५ टीएमसी, म्हणजे पूर्वीच्या साधारण पाचपट झाली. तुलनेसाठी, डोंगराच्या पलीकडील शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी आहे. वाढीव कास तलाव त्याच्या दोनशेव्या भागाएवढाच ठरतो.

पाचपट पाणी साठविताना तलावाचा काठ अर्थातच वर सरकला. काठाची काही जमीन, झाडी आणि बामणोलीकडे जाणारा जुना रस्ता पाण्याखाली गेला. रस्ता वरच्या बाजूने नव्याने काढावा लागला. ज्यांनी जुना तलाव पाहिला आहे, त्यांना झाडीने झाकलेला तो लहानसा डोह आता तेथे दिसत नाही. पाण्याची गरज खरी होती, हेही तितकेच खरे. एखाद्या जैवविविधतेच्या प्रदेशात पाणी साठविण्याची किंमत कोणी आणि कशी मोजावी, याचे हे जवळून अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. तलावाच्या पाणलोट क्षेत्रात मोठी औद्योगिक वसाहत किंवा गर्दीची लोकवस्ती नाही, त्यामुळे पाणी आजवर तुलनेने स्वच्छ राहिले. रस्त्यालगत वाढणारी हॉटेले व विश्रांतिगृहे आणि त्यांचे सांडपाणी हा त्या दृष्टीने येथील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. पठारावर टाकलेला कचरा पावसाबरोबर उतारानेच जातो, आणि उताराच्या शेवटी पिण्याचे पाणी आहे.

== पठारावरील वनस्पती ==

कास पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे. एवढ्या लहान क्षेत्रात इतकी विविधता का, याचे उत्तर पठाराच्या पृष्ठभागात आहे. वरून एकसारखा दिसणारा माळ प्रत्यक्षात अनेक लहान लहान अधिवासांचा बनलेला आहे. उघडा खडक, खडकातील उथळ खळगे, ओलसर दलदलीच्या पट्ट्या, थोडी खोल माती असलेले भाग, झुडपांचे पुंजके आणि कड्यांच्या कपारी, या प्रत्येक ठिकाणी वनस्पतींचा वेगळा समूह आढळतो. काही पावलांवर माती दोन बोटे खोल झाली, की फुलांचा रंग बदलतो.

मातीत नत्र अत्यल्प आहे. म्हणून येथे कीटकभक्षी वनस्पती मोठ्या संख्येने वाढतात. दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब असतात. दव समजून बसलेला कीटक त्यांत अडकतो व पान त्याच्याभोवती वळते. सीतेची आसवे (युट्रिक्युलेरिया) ही निळ्या-जांभळ्या नाजूक फुलांची वनस्पती आपले काम दृष्टीआड करते. तिच्या ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातील जीवांना आत ओढून घेतात. पर्यटकांना जांभळा गालिचा दिसतो. प्रत्यक्षात ती लक्षावधी सापळ्यांची शेती आहे.

खडकातील खळग्यांत साचलेल्या पाण्यात वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) उगवतो. १९८२ साली शास्त्रीय वर्णन झालेली ही जाती साताऱ्याच्या नावाने ओळखली जाते आणि जगात केवळ या भागातील पठारांवर आढळते. तिच्या फुलोऱ्याला दोन फाटे असतात. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. कंदाच्या रूपाने ती कोरडा काळ जमिनीखाली काढते आणि पहिल्या पावसाबरोबर वर येते. त्यामुळे सप्टेंबरच्या गर्दीत येणाऱ्या बहुतेकांना तिची फुले पाहावयास मिळत नाहीत.

फुलांचा क्रम साधारणपणे असा असतो. जून-जुलैमध्ये कंदवर्गीय वनस्पती फुलतात. दीपकाडी, वायतुरा आणि चवर ही त्यांतील ठळक नावे. जुलै-ऑगस्टमध्ये हबेआमरीसारखी भुईवरची आमरी दिसू लागतात. ऑगस्टच्या अखेरीपासून गेंदाची पांढरी बोंडे, तेरड्याचा गुलाबी व सीतेच्या आसवांचा जांभळा रंग पठार व्यापतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकी व कवला फुलून पिवळा रंग वरचढ होतो. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, त्यामुळे मुलांत ते ‘मिकी माऊस’ या नावानेच अधिक परिचित आहे. ऑक्टोबरमध्ये गवत सुकते आणि पठार पुन्हा तांबूस होते. पावसाच्या आगमनानुसार हे वेळापत्रक दरवर्षी मागेपुढे होते.

टोपली कारवी या क्रमात बसत नाही. अर्धगोलाकार, टोपली पालथी घातल्यासारखे दिसणारे हे झुडूप साधारण सात वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलते. मधल्या वर्षांत एखाददुसरे झुडूप फुललेले दिसते, परंतु संपूर्ण उतार निळा-जांभळा होणे हा सात वर्षांनीच येणारा प्रसंग असतो.

== चराई, कुंपण आणि पर्यटक ==

जागतिक वारसास्थळाच्या मान्यतेनंतर सुट्टीच्या दिवशी पठारावर वाहनांची रांग लागू लागली. फुलांमध्ये बसून, क्वचित लोळून छायाचित्रे काढण्याची पद्धत पडली. काही मिलिमीटरच्या मातीवर उभ्या असलेल्या वनस्पतींना पायदळी तुडविले जाणे सोसत नाही. मातीचा तो थर निघाला, की खाली थेट खडक असतो. यावर उपाय म्हणून वनविभाग व स्थानिक गावांच्या संयुक्त व्यवस्थापन समितीमार्फत प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला सुमारे ३,००० पर्यटकांची मर्यादा अशी व्यवस्था लागू झाली. कास, एकीव, आटाळी व कुसुंबी या गावांतील लोकांना तिच्यामुळे हंगामी रोजगारही मिळाला.

याच काळात पठाराच्या फुलांच्या भागाला तारेचे कुंपण घालण्यात आले. पर्यटक रोखणे हा त्याचा हेतू होता, पण त्याने गुरांनाही रोखले. काही वर्षांनी फुले विरळ होत असून गवत वाढत आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनीही केली. त्यामागील तर्क समजण्यास सोपा आहे. येथील फुलझाडे वीतभर उंचीची असून त्यांना भरपूर ऊन लागते. गुरे गवत खातात, तेव्हा या लहान वनस्पतींना उजेड मिळतो. चराई थांबली, की उंच गवत त्यांना झाकून टाकते आणि सुकल्यावर वणव्याचा धोकाही वाढतो. अखेरीस कुंपण काढण्यात आले.

चराई जितकी अधिक तितकी फुले अधिक, असा याचा अर्थ नाही. अतिचराईने माती उघडी पडते आणि शेणाने मातीतील नत्र वाढले, तर नापीक मातीतच तग धरणाऱ्या वनस्पती मागे पडू शकतात. कास पठार हे माणसाचा हात न लागलेले निसर्गक्षेत्र नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आलेले गायरान आहे आणि त्याचे आजचे रूप त्या वहिवाटीसह घडले आहे. संरक्षण म्हणजे माणूस आणि गुरे बाहेर काढणे, ही कल्पना येथे अपुरी पडली. गुरे किती व कोणत्या महिन्यांत असावीत, हा प्रश्न अद्याप खुला आहे. गावांतील तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जात असल्याने गुरांची संख्या तशीही घटते आहे.

== भेट देताना ==

फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. सुट्टीचा दिवस टाळून सकाळी लवकर गेल्यास धुके आणि गर्दी या दोहोंतून मार्ग काढता येतो. पठारावर धुके एकाएकी येते व समोरचा रस्ताही दिसेनासा होतो. आखलेल्या पायवाटेबाहेर पाऊल टाकू नये. ज्या मोकळ्या खडकावर काही उगवलेले दिसत नाही, तेथेही शेवाळ आणि बीजे असतात.

अभ्यासासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी फुलांच्या नावांची यादी करण्याऐवजी एक वेगळी नोंद करून पाहावी. पायवाटेच्या कडेने चालत प्रत्येक वनस्पती कशावर उभी आहे ते लिहावे : उघड्या खडकावर, साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत की झुडपाच्या आडोशाला. अर्ध्या तासातच पठाराचा नकाशा कागदावर उमटू लागतो.

पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेने जाणारी जुनी वाट ‘राजमार्ग’ म्हणून ओळखली जाते. त्या वाटेवर कुमुदिनी तलाव हे छोटे तळे आहे. हंगामात त्याच्या पाण्यावर कुमुदिनीची झालरदार पांढरी फुले पसरतात. ती पाणकमळे नव्हेत, जरी पाने तशीच तरंगती असली.

कास तलाव पाहण्यासाठी फुलांच्या हंगामाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पाणी भरलेले, हवा निवळलेली आणि रस्ता मोकळा असतो. तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने त्यात पोहणे, वाहने वा भांडी धुणे वर्ज्य आहे. वाढीव पाण्यामुळे काठालगत एकाएकी खोली वाढते, हेही लक्षात ठेवावे. भोवतालच्या वनात गवा, अस्वल, बिबट्या व भेकर यांचा वावर आहे. संध्याकाळनंतर झाडीत पायी फिरू नये.

== परिसर ==

बामणोली हे शिवसागराच्या काठावरील गाव नौकाविहारासाठी, तसेच वासोट्याला जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे वनविभागाची परवानगी घेऊन नावेने पलीकडे जावे लागते. गडावर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. नाव ज्या पाण्यावरून जाते, त्याखाली कोयना धरणात बुडालेल्या गावांच्या जमिनी आहेत.

उरमोडीच्या उगमाकडील भांबवली येथील वजराई धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. एकीवचा धबधबा त्याहून लहान, पण कासच्या वाटेवरून सोयीचा आहे. उरमोडीच्या खोऱ्यात सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस त्यांनी तेथे देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. सज्जनगडाच्या पुढे ठोसेघरचा धबधबा आणि त्यापलीकडे पवनचक्क्यांचे चाळकेवाडी पठार लागते. चाळकेवाडीचा जांभा कासच्याच जातीचा आहे. पावसापूर्वीच्या उन्हाळ्यात तेथे गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडून मादीला आकर्षित करणारा सरडा दिसतो. २०१६ साली त्याचे नवी जाती म्हणून वर्णन झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले.